शिट्टी वाजली नाही

शिट्टी वाजली नव्हती, म्हणून इंजिनिअर निवांत होता. बायकोच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून तो बसला होता. कित्येक महिन्यांनी आज त्याचा चहा गरम असतानाच पिऊन झाला होता.

मुलगी समोर बसली होती, हातात फोन घेऊन. आईसारख्या, सगळं विसरत चाललेल्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा रिकामी झाली होती. हो की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"निदान तिच्या खोलीच्या मागच्या दाराला तरी कुलूप लावा, बाबा."

"बायको आहे ती माझी. तिला कोंडून घालू?"

"आणि परत कुठेतरी रस्त्यात सापडली म्हणजे?"

"पलंगावरून उठली की शिट्टी वाजणार. माझी चटई एकदा जरी चुकली ना, तर तू म्हणशील तिथं ने तिला. शब्द देतो."

गादीखाली घातलेल्या त्या चटईचं मूळ शर्यतीच्या मैदानावर होतं. तरुणपणी त्याने धावपटूंच्या पायाशी बसवायची एक फळी बनवली होती. बंदुकीचा बार व्हायच्या आत कुणी पाय उचलला, की शिट्टी. धावपटूंनी त्याला पोटभर शिव्या घातल्या आणि फळी धडाधड खपली. पुढे गुडघ्याचे पट्टे झाले, काखेत न रुतणाऱ्या कुबड्या झाल्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी झाल्या. "ह्यांचा एक पाय मैदानात आणि एक दवाखान्यात," असं बायको चारचौघांत सांगायची. तेव्हा तिला शब्द सापडत होते. तेव्हा ती त्याला 'अहो' म्हणायची. हल्ली 'भाऊ' म्हणते.

फळी तपासायला रोज धावपटू कुठून आणणार? म्हणून ती जाड कापडाच्या पिशव्या शिवायची, त्यांत वाळू भरायची आणि माणसाच्या वजनाइतक्या पिशव्या फळीवर रचायची. यंत्राला काय, वजनाशी मतलब. त्याने यंत्र जोडायचं आणि तिने खोटा माणूस तयार करायचा, असा त्यांचा अर्धा संसार अंगणापलीकडच्या वर्कशॉपमध्ये झाला. गेल्या आठवड्यात चटई तपासताना त्याने त्याच जुन्या पिशव्या काढल्या होत्या. ती शेजारी उभी राहून बघत होती. काम झाल्यावर त्याने पिशव्या पलंगाखाली सरकवल्या. तिला आता काय कळणार, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचं त्याला फार वाईट वाटलं.

"आज आई फारच वेळ झोपलीये," म्हणत मुलगी उठली आणि दार ढकलून आत गेली.

आतून तिची हाक आली ती नेहमीची नव्हती. इंजिनिअर धडपडत आत शिरला. पलंगावर पांघरुणाखाली वाळूच्या पिशव्या होत्या. एक उशाशी, दोन कमरेशी, बाकीच्या पायांकडे, अगदी नीट. आधी एकेक पिशवी वर घेतलेली, मग हळूच अंग काढून घेतलेलं. मागचं दार सताड उघडं होतं.

"तिला आठवतंय!" तो ओरडला. आनंदाने त्याचा आवाज चिरकला. "अगं, तिला आपलं काम आठवतंय!"

"बाबा, आई घरात नाहीये!"

तसाच अनवाणी तो अंगणात आला. पलीकडून खडखड ऐकू येत होती. शिलाई मशीनचा आवाज त्याने ओळखला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

वर्कशॉपमध्ये ती मशीनवर वाकून बसली होती. पदर खोचलेला, केसांवर धूळ, पायाशी वाळूचं घमेलं. मुलगी उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली. इंजिनिअर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "कर फोन. चटई चुकली."

मुलगी फोन घेऊन बाहेर गेली. तो बायकोजवळ स्टूल ओढून बसला. शिवण सरळ होती, टाके एकसारखे. तिचे हात काहीही विसरले नव्हते. आपल्यालाच काय ते विसरली, असं त्याला वाटलं.

"जुन्या पिशव्या आहेत की भरपूर," तो म्हणाला. "ही नवीन कशाला?"

तिने मशीन थांबवलं. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"कुणाला सांगू नका हं, भाऊ. माझ्या खोलीच्या बाहेर एक म्हातारे गृहस्थ आहेत. दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलंय बिचाऱ्यांना. जेवणसुद्धा तिथंच. जरा कुठं उठायला जातात, की लगेच दचकून परत बसतात. त्यांच्याही खाली शिट्टी लावलेली असणार."

तो स्टुलावरून उठायला गेला आणि परत बसला.

"मी तर निघाले. म्हटलं, त्यांनाही सोडवावं. एवढ्या पिशव्या झाल्या, की गुपचूप त्यांच्या खुर्चीत नेऊन ठेवते."

पूर्वी ती मैदानावर धावपटूंना न्याहाळायची, तसं तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग घमेलं पुढे ओढलं.

"अंगाने साधारण तुमच्याएवढेच आहेत. सांगा ना भाऊ, किती वाळू लागेल?"