दुसरी तपासणी

पेटीत तीनशे बारा काचपट्ट्या होत्या. सहा तडकलेल्या, तीनशे सहा शाबूत. प्रत्येकीवर रक्ताचा एक वाळलेला थेंब आणि कडेला कोरलेला क्रमांक. शिवकन्येनं आकडे वहीत लिहिले आणि पेटी उघडीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“ही बद्रीनाथची जुलै ते सप्टेंबरची पेटी. एकाही काचपट्टीत हिवताप नाही. भर पावसाळ्यात, गोदाकाठच्या सात गावांत, एकालाही नाही. तुम्हाला पटतं हे?”

“न पटायला काय झालं? काम चांगलं आहे, म्हणून तर सत्कार आहे,” डॉक्टर म्हणाले.

सत्कार सोमवारी होता. औरंगाबादहून मोठे साहेब येणार होते. हिवताप निर्मूलनातल्या उत्कृष्ट कामाबद्दल बद्रीनाथला शाल, प्रशस्तिपत्र आणि मनगटी घड्याळ मिळणार होतं. आणि त्याच दिवशी कडूबाला नोकरी संपल्याचा कागद. एक माणूस कमी करा, असं वरून आलं होतं. सर्वांत जास्त रुग्ण कडूबाच्या भागात होते, अडुसष्ट. म्हणजे काम सर्वांत वाईट त्याचंच, असा हिशेब झाला होता.

दोघांचं काम एकच. सायकलवर गावोगाव फिरायचं, तापाचं माणूस शोधायचं, बोटाला सुई टोचून थेंब काचेवर घ्यायचा आणि काचपट्ट्या आरोग्य केंद्रात आणून द्यायच्या. तिथं शिवकन्या त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. जंतू निघाले की तोच माणूस गोळ्या घेऊन परत त्या घरी जायचा. बी.एस्सी. होऊन ती इथं आली त्याला दीड वर्ष झालं होतं. दिवसाला साठ काचपट्ट्या नीट होत. पावसाळ्यात दीडशे येत. कडूबाच्या ती सकाळीच घ्यायची, कारण त्यांत जंतू निघायचे आणि गोळ्या लवकर जायच्या. बद्रीनाथच्या शेवटी.

कडूबा व्हरांड्यात सायकलची साखळी बसवत होता. तिला पाहून हसला.

“ताई, माझं चुकलंच. तापाचं माणूस दिसलं की मी आपली सुई काढून राह्यलो. डोळे मिटून पुढं गेलो असतो तर आज मलाबी घड्याळ भेटलं असतं.”

“हसू नका, मामा. पोरीचं लग्न काढलंय ना तुम्ही?”

“काढलंय. मंग काय रडू?”

तिला त्याच्या हसण्याचाही राग आला. दुपारी बद्रीनाथ आला. वडिलांची चाळीस एकर जमीन, इस्त्रीचा सदरा, काचपट्ट्या कागदात ओळीनं बांधलेल्या. तिनं त्याला बसायलाही सांगितलं नाही.

“अभिनंदन.”

“मला न्हाई पाहिजे ते घड्याळ, बाई. डॉक्टरसाहेबांना दोनदा सांगितलं.”

“का? कामाचं बक्षीस आहे.”

“ताप तर माझ्या गावांतबी हाये. सोनूबाईचं पोरगं आठ दिवसांपासून कुडकुडून राह्यलं.”

“मग ते काचपट्टीत कसं येत नाही?”

“ते मला कसं कळंल? मी बराबर थेंब घेतो अन् आणून देतो.”

बोलताना तो जमिनीकडे बघत होता. शिवकन्येनं ते बरोबर हेरलं. हा सात गावं फिरतच नसणार. घरी खाटेवर बसून एकाच गड्याच्या बोटातून वीस-वीस काचपट्ट्या भरत असणार. वीस माणसांची नावं लिहायला काय लागतं?

ती परत डॉक्टरांकडे गेली.

“मी तक्रार देते. लेखी. सगळ्या काचपट्ट्या पुन्हा तपासते. खोट निघाली तर सत्कार रद्द करा.”

“आणि नाही निघाली तर?”

“निघणार.”

तिनं तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. हिवताप लपून राहिला तर माणसं मरतात, त्यामुळे ज्याच्या कामात खोट आढळेल त्याला, तो कोणीही असो, त्याच दिवशी कामावरून कमी करावं आणि कडूबाला ठेवावं. कागद फाटेल इतकं तिनं पेन दाबलं होतं. डॉक्टरांनी दोनदा वाचलं.

“फार कडक झालं, बाई. बाल-बच्चेवाला माणूस आहे तो.”

“कडूबामामा नाहीत?”

डॉक्टरांनी खाली ‘मान्य’ लिहून सही केली.

मंगळवारपासून रविवारपर्यंत ती रोज खिडकीशी बसली. सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर उजेड घेतला. प्रत्येक काचपट्टीची शंभर ठिकाणं बघायची, असा नियम होता. या वेळी तिनं शंभरच्या शंभर मोजली, एकही न सोडता. आधी पांढऱ्या पेशी मोजल्या. रक्त एकाच माणसाचं असेल तर त्यांचं प्रमाण सगळीकडे सारखं येईल. पहिल्या पंचवीस काचपट्ट्यांत ते सारखं आलं नाही. तिनं ओठ घट्ट मिटले आणि सव्विसावी घेतली.

रविवारी दुपारी कडूबा चहा घेऊन आला. तिनं मान वर केली नाही. चहावर साय धरली. संध्याकाळी तो तोच कप परत घेऊन गेला.

सोमवारी सकाळी मांडवाचे बांबू रोवले जात होते. खोलीत आल्या आल्या डॉक्टरांनी हात पुढे केला.

“झालं का? साहेब तीर्थपुरीपर्यंत आलेत म्हणे. कमी करायच्या माणसाचं नाव लिहिलंत?”

“लिहिलंय,” शिवकन्या म्हणाली, आणि अहवाल त्यांच्या हातात दिला.

‘काचपट्ट्या तीनशे सहा. रक्त वेगवेगळ्या माणसांचं, थेंब व्यवस्थित घेतलेले. तपासणारी, दोन्ही वेळा, शिवकन्या पुंजाराम साळवे. हिवतापाचे जंतू आढळलेल्या काचपट्ट्या: पहिल्या वेळी शून्य, दुसऱ्या वेळी त्रेपन्न.’