चार बोटे दुमड

मावशींच्या शिवणकामाची ख्याती अशी, की एक वेळ कापड विरेल, पण शिवण उसवणार नाही. इस्पितळातल्या आपल्या चिमुरडीसाठी फ्रॉक शिवायला टाकताना एक आई खालमानेने म्हणाली, "मावशी, खाली वाढीव दुमड नको. आत्ता अंगात बसला की झालं. पुढचं डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगत नाहीत."

"कापड तुझं, दुमड माझी. त्यात तू लुडबुड करू नकोस," असे म्हणून मावशींनी चांगले चार बोटे कापड आत मुडपले.

पुढच्या वर्षी तोच फ्रॉक घालून ती मुलगी आईच्या आधी दुकानात शिरली आणि कुरकुरली, "आजी, हा आखूड झालाय."

मावशींनी चष्मा चढवला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्या स्वतःची शिवण हसत हसत उसवू लागल्या.