गळ्याचा पट्टा

हॉकीच्या गोलकीपरचे जाड मोजे दोन्ही हातांत चढवून झाल्यावर शलाकाच्या लक्षात आलं, की गळा वाचवणारा पट्टा मानेमागं बांधायचा राहिलाच. तो नुसता खांद्यांवर लोंबत होता आणि संघातल्या मुली केव्हाच मैदानात धावल्या होत्या.

चूक होणारच की! सहा वर्षं ती राखीव गोलकीपर. मोजे घालून उभ्या असलेल्या जेसिंताचा पट्टा बांधायचा, आत दोन बोटं सारून ‘आवळतोय का गं?’ विचारायचं आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसायचं, एवढंच काय ते तिचं खेळणं. काल जेसिंताचा घोटा मुरगळला, म्हणून आज हिची पहिली मॅच.

दातांनी मोजा ओढून बघितला, निघेना. “अगं, कुणीतरी या!” कुणी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या बाकावरून पायांना पॅड बांधलेली एक मुलगी उठून आली. तिनं मुकाट्यानं पट्टा बांधला, आत दोन बोटं सारली.

“आवळतोय का, ताई?”

“नाही गं,” शलाका म्हणाली. तिनं वळून पाहिलं, तोवर मुलगी परत जाऊन आपल्या बाकाच्या टोकाला बसली होती.