मोरपंखी बाही

आईचं वाक्य भिंगरीने ‘जेवलीस का’वर कापलं. पुढे ‘नाहीतर धपाटा घालीन’ होतं. आजीला धपाटा कसा घालणार?

पडद्यावर आई शिवणयंत्रावरून मान वर करून बघत होती. तिच्या शिवणवर्गाचे असे तास-तासभराचे व्हिडिओ संगणकात पडून होते. शिकवता शिकवता मध्येच घरातल्यांशी बोलायची तिला खोड होती. ‘पाणी पी आधी.’ ‘किती वाळलीस गं.’ सगळं कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या भिंगरीला. एकदा तर तिने मामाच्या मागे लागून आजीच्या विणकामाचंही लांबलचक शूटिंग करून घेतलं होतं. माय-लेकींचा वर्ग म्हणून लावायचं होतं. ते मामाकडेच राहून गेलं.

आई जाऊन तीन महिने झाले होते. मामाकडे राहणाऱ्या आजीला सांगितलं नव्हतं.

“तिचं हृदय म्हणजे रफू केलेलं कापड आहे,” मामा तेव्हा फोनवर म्हणाला होता. “ताणलं की फाटेल. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का नको.”

मग बाबांनी ठरवलं, लेक लांब कुठेतरी शिवण शिकवायला गेलीय असं सांगायचं. तिथे फोन धड लागत नाही.

“पण एखादी क्लिप तर येऊ शकते ना?” भिंगरी म्हणाली आणि नाक पुसून कामाला लागली. तोवर ती ना जेवत होती, ना शाळेत जात होती. क्लिपा सुरू झाल्या आणि दोन्ही सुरू झालं. बडबडसुद्धा थोडी थोडी परत आली.

रोज सकाळी आईचा एक तुकडा मामाच्या फोनवर जायचा. मामाचं उत्तर यायचं, ‘दाखवली. खूश झाली.’

“आजची कोणती?” बाबा दारात येऊन म्हणाले.

“जेवलीस का. पण बाबा, हातात बघा काय आहे. फ्रॉकला कॉलर लागलीय. आता उद्या बिनकॉलरची पाठवली की बोंबललं सगळं.”

“एवढं कोण बघतं?”

“आजी बघते! अहो, तिने लग्नात नवरीच्या आधी नवरीच्या ब्लाउजची शिवण बघितली होती. क्रम लावायचा तो हातातल्या कामावर. बोलण्यावर नाही. तोंडाला काय, कुठेही जोडता येतं. हात पकडले जातात.”

“बरं, मास्तरीणबाई.”

एरवी ते हसले असते. पण गेल्या आठवड्यात ते अचानक दोन दिवस कामासाठी बाहेरगावी जाऊन आले, तेव्हापासून त्यांचे डोळे लाल होते. प्रवास बाधला, म्हणाले.

त्याच आठवड्यात एक छान गोष्टही घडली होती. आजीची उत्तरं यायला लागली होती, आणि तीही क्लिपमधून! खिडकीजवळची खुर्ची, अंगावर तीच तपकिरी शाल, मांडीवर मोरपंखी लोकर. पहिल्या क्लिपमध्ये तिने विणकाम उचलून दाखवलं. “ही बघ, भिंगरीच्या स्वेटरची बाही. कोपरापर्यंत आली.” दुसऱ्या दिवशी नुसतं, “जेवले गं बाई, जेवले.”

भिंगरीने ती क्लिप शाळेच्या वाटेवर पुन्हा पुन्हा पाहिली.

“मामा, तिला फोन दे की,” तिने गळ घातली. “मी आईबद्दल चकार शब्द काढणार नाही.”

“बोलायला मनाई आहे गं. धाप लागते तिला. क्लिपवर भागव सध्या.”

तिसऱ्या क्लिपमध्ये बाही जेमतेम चार बोटं होती.

“बाबा, आजीने उसवली! अख्खी उसवली!”

“उसवली असेल,” बाबा पाठमोरेच म्हणाले.

भिंगरीला हसू आलं. आजीचं हे नेहमीचंच. एक टाका चुकला तरी सगळं उसवायची. चुकीवर पुढचं चढवायचं नाही, म्हणायची.

आज ‘जेवलीस का’ पाठवल्यावर थोड्या वेळाने फोन वाजला. आजी मान वर करून बघत होती. सुईवर बाहीचं नुसतं मनगट होतं.

“माझी काळजी करू नकोस,” आजी म्हणाली. मग चित्राला बारीकसा झटका बसला. “भिंगरीला सांभाळ.”

सुईवरची बाही कोपरापर्यंत आली होती.

भिंगरीने क्लिप मागे नेली. मनगट. पुढे नेली. कोपर. पुन्हा मागे नेली. तो जोडाचा झटका तिच्या ओळखीचा होता. तीन महिने ती तोच लपवत होती. मामाकडे राहून गेलेलं ते लांबलचक शूटिंग तिला आठवलं.

ती उठून बाहेर आली. बाबा फोनवर हळू आवाजात बोलत होते. तिला पाहताच त्यांनी फोन खाली केला.

“काय म्हणते आजी?”

भिंगरीने त्यांच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

“म्हणते, भिंगरीला सांभाळ.”

बाबांनी नुसती मान हलवली.

“जेवलात का तुम्ही?” तिने विचारलं.

“जेवतो.”

“दोन ताटं घ्या. आलेच मी.”

आत येऊन तिने मामाला लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं.

‘मामा, आधी मनगट येतं, मग कोपर. क्रम हातातल्या कामावर लावायचा. उद्याचीही पाठव.’