गालिचा
अंथरुणाला खिळलेल्या आईला लेक दोन महिन्यांसाठी आपल्या घरी, उलट्या माहेरपणाला घेऊन गेली, तेव्हा निवृत्त ओव्हरसियरसाहेबांनी बायकोच्या खिडकीसमोरची हिरवळ मनावर घेतली. तिथे चार जातींचं गवत माजलं होतं, मधेमधे टक्कल पडलं होतं आणि उरलेलं सगळं तण. तणनाशक मारलं, माती उकरली, एकाच जातीचं बी पेरलं. बायको परतली, तशी त्यांनी तिला उशांना टेकवून बसवलं. “बघ, तुझ्यासाठी गालिचा अंथरलाय!” तिने बराच वेळ पाहिलं. “छान झालंय हो. पण ती पिवळी फुलं?” “तण होतं ते. मुळासकट काढलं.” “त्यावर फुलपाखरं यायची. दिवस कसा सरायचा, कळायचं नाही.” ती दिवसभर काय बघते, हे दोन वर्षांत आपण एकदाही विचारलं नाही! “परत लावतो ती फुलं,” म्हणत ते उठले. “राहू द्या, दमलात तुम्ही,” ती म्हणाली. “पडदा तेवढा ओढून घ्या.”