कुंडलिकचा बांध

आप्पाने बैलगाडीची मागची फळी काढली आणि काळी माती माळावर ओतली. वच्छलाने ती फावड्याने पसरली. खालचा पांढरा मुरूम झाकला जाऊन वीतभर थर बसला, तसा आप्पा पुन्हा गाडीवर चढला. दिवस मावळायच्या आत आणखी एक खेप व्हायला हवी होती.

भीमेकाठचं त्याचं रान उजनी धरणात जाणार होतं. यंदाच्या पावसाळ्यात पाणी तिथवर चढेल, असं तलाठी सांगून गेला होता. बदल्यात हा माळ मिळाला होता. मुरूम, दगड आणि उतार. इथे ज्वारी गुडघ्याच्या वर जाणार नाही, हे आप्पाने पहिल्या दिवशीच ओळखलं. रान बुडायचं ते बुडेल, पण माती बुडू द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. पेरणीपर्यंत निम्मा माळ काळा झाला तर घरात वर्षाची ज्वारी येणार होती. नाही झाला तर टेंभुर्णीला हमाली.

माती तो जुन्या रानाच्या वरच्या अंगाला, उंबराजवळच्या कोपऱ्यातून उचलत होता. तिथे ती कंबरभर खोल होती, लोण्यासारखी मऊ, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे होते. त्याच्या सगळ्या रानात तेवढाच कोपरा असा होता. ज्वारीही तिथलीच सगळ्यात उंच यायची.

वच्छला रोज म्हणे, आधी खालच्या अंगाला दगडांचा बांध घालू, मग माती टाकू. आप्पाचं उत्तर ठरलेलं होतं. दगड कुठे पळून जात नाहीत, माती मात्र पाण्याखाली चालली आहे. ती पुन्हा फावडं उचले.

बांध घालत होता तो कुंडलिक. जुन्या गावात त्याचं रान आप्पाच्या रानाच्या वर, उंबराच्या पलीकडे होतं. दर पावसाळ्यात त्याची माती वाहून खाली यायची. एका वर्षी त्याने गोष्ट चावडीवर नेली. मी आणायला गेलो नव्हतो, आप्पा चारचौघांत म्हणाला, पाण्याने आणलं ते खालच्याचं. गावची रीतही तीच होती. कुंडलिक उठून घरी गेला. तेव्हापासून दोघांमध्ये टोमण्यांपुरतं बोलणं उरलं होतं.

माळाच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आप्पाला वरचा तुकडा आला आणि कुंडलिकला त्याच्या खालचा. कुंडलिककडे गाडी नव्हती. त्याचे बैल बहात्तरच्या दुष्काळात गेले होते. त्या दुष्काळात तो बांध घालायच्या सरकारी कामावर होता आणि तिथे शिकलेलं त्याच्या हातात होतं. रोज सकाळी तो दगड वेचायचा आणि उताराला आडवे रचत जायचा. बांध कंबरेपर्यंत आला होता. त्याच्यामागे मातीचं एक ढेकूळही नव्हतं. येणारेजाणारे हसत. एकदा आप्पानेही गाडी थांबवली.

"कुंडलिका, राखायचं काय रं ह्या बांधानं? दगडं?"

"येईल की माती."

"कुटनं?"

"वरनं," कुंडलिक म्हणाला, आणि दुसरा दगड उचलायला वाकला.

पेरणीला थोडे दिवस राहिले असताना वळीव आला. तासभर तो माळावर कोसळला. सकाळी आप्पा आला तेव्हा मुरूम धुऊन पांढराशुभ्र झाला होता. उन्हाळाभर टाकलेल्या मातीतली पसाभरही जागेवर नव्हती.

वच्छलाने माती भरायची पाटी त्याच्या हातात दिली. तुमी जाऊन मागा, ती म्हणाली, न्हाय तर मी जाते.

आप्पा खाली उतरला. कुंडलिकच्या बांधामागे काळी माती एका पातळीत बसली होती. बांधाचा एकही दगड हलला नव्हता. भांडण बघायला चार माणसं आधीच येऊन बसली होती. आप्पाने तोंड उघडलं. काय मागायचं ते त्याला ठाऊक होतं. कुंडलिकला काय उत्तर देता येईल, तेही. ते उत्तर चावडीवर आप्पानेच दिलेलं होतं. रिकामी पाटी घेऊन तो वर आला.

आप्पाने बैल सोडून सावलीला बांधले. मग तो आपल्या तुकड्याच्या खालच्या अंगाला गेला, एक सपाट दगड निवडला आणि उताराला आडवा ठेवला.

"पाणी चढाय अजून येळ हाय," तो म्हणाला. "माती तितं हायच की. आदी ह्ये करू."

उन्हं डोक्यावर आली तरी दोघं थांबली नाहीत. बघे कंटाळून निघून गेले. बांधाच्या पायाचा एक मोठा दगड आप्पाला एकट्याने हलेना. तो पहारीवर भार टाकत असताना कुंडलिक चढ चढून आला. त्याच्या मुठीत ओली माती होती. त्याने ती आप्पासमोर तळहातावर पसरली आणि अंगठ्याने चोळली. काळ्या चिखलातून पांढरे खडे वर आले.

आप्पाने ते खडे ओळखले. भीमेकाठी चुनखडी मुळात एकाच रानात होती. उंबराच्या पलीकडच्या.

कुंडलिकने हात धोतराला पुसला आणि वाकून दगडाचं दुसरं टोक धरलं.

"माझी माती माझ्या रानात आणून टाकलीस," तो म्हणाला. "गाडीभाडं तेवढं सांग, आप्पा."