पाढे संपेपर्यंत

धम्मरत्नला बायको, प्रियंका, गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांची पोरगी उर्वशी शाळेत होती. फोन त्याच्या आईचा, तुळसाबाईचा होता. सुनेजवळ यवतमाळच्या दवाखान्यात तीच थांबली होती. "गेली रे बापा," ती म्हणाली. "गाडी भेटली. आमी निंगतो."

त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळी हटत नव्हती. प्रियंका फवारणीचं पाणी वाहत होती. एका संध्याकाळी फवारणीचं औषध अंगात भिनून तिला दिसेनासं झालं.

धम्मरत्ननं फोन खिशात ठेवला. गाडी गावात येणार ती शाळेवरूनच. तिथं रडारड सुरू व्हायच्या आत पोरीला आपल्या तोंडून कळावं, एवढंच त्याच्या मनात होतं. धाकट्या भावाच्या, रवीच्या, मोटरसायकलवर बसून तो शाळेत आला. रवी रस्त्यावर थांबला.

पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र बसला होता. पाढे चालू होते. सदाशिव गुरुजी खुर्चीत होते. बदल्या होत होत ते निवृत्तीच्या वर्षी परत याच गावात आले होते. धम्मरत्न त्यांच्याच हाताखाली शिकला होता. चौथीपर्यंत.

त्यानं चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"गुरुजी, उर्वशीले न्यायचं होतं."

"कायले?"

उर्वशी दुसऱ्या ओळीत बसली होती. बापाला पाहून हसली. समोरचा एक दात पडलेला.

"घरी काम हाय," धम्मरत्न म्हणाला.

गुरुजींनी हात वर करून पाढा थांबवला. "काम! आता हे एवढीशी पोरगी फवारणीचं पाणी भरन काय? तुले बी तुझा बाप काम हाय म्हून असाच घेऊन गेलता. आला काय तू परत?"

"तसं नाही, गुरुजी."

"मंग कसं हाय? सांग."

सगळा वर्ग त्याच्याकडे पाहत होता. उर्वशीही. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांगता येत नाही म्हणजे खोटं हाय. माह्या वर्गातून पोरगी वावरात जाणार नाही. उभा राह्य तिथं. पाढे होऊ दे."

तो उभा राहिला. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला न टेकता, हाताची घडी घालून. तिथंच उभा राहा असं कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी त्याला तिथं उभं करत.

पाचाचा पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मागच्या ओळीतला एक पोरगा शेजाऱ्याच्या कानात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "उर्वशीच्या बाबाले गुरुजीनं उभं केलं!"

वर्ग हसला.

"हसू नका," गुरुजी म्हणाले. त्यांना जुनं आठवलं होतं आणि आवाज थोडा मऊ झाला होता. "याले मी साताच्या पाढ्यासाठी पावसाळाभर उभा केला. तरी नाही आला याले."

वर्ग आणखी हसला. धम्मरत्नही हसला. तेव्हाही तो असाच हसायचा. उर्वशी मात्र हसली नाही.

रवी फाटक ढकलून आत आला.

"दादा, आईचा फोन होता. गाडीनं कळंब सोडलं. सांगतलं काय?"

"नाही."

"काहून?"

"पाढे चालू हायेत."

रवी त्याच्याकडे बघत राहिला. रवी शाळेत जायला लागला तोपर्यंत गुरुजींची बदली झाली होती.

"येडा झाला काय तू? सरक. मी सांगतो त्यायले."

धम्मरत्ननं त्याचं मनगट धरलं. "सगळ्यायच्या समोर नको. तिले कळन."

"मंग आत जा. कानात सांग."

धम्मरत्ननं उंबऱ्याकडे पाहिलं. मनगट सोडलं नाही, पाऊलही उचललं नाही. आत सहाचा पाढा सुरू झाला. रस्त्यावर बाया जमायला लागल्या होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला होता.

तेवढ्यात उर्वशी उठली.

"ए, कुठं चालली?" गुरुजी ओरडले.

ती थांबली नाही. पोरांमधून वाट काढत बाहेर आली. बापाच्या शेजारी उभी राहिली. त्याच्याकडे एकदा नीट पाहून तिनंही हाताची घडी घातली.

"तू काहून आली?" धम्मरत्ननं विचारलं.

"तू एकटाच उभा हाय म्हून."

गुरुजी छडी घेऊन दारात आले. बोलणारच होते, पण रवीच्या चेहऱ्याकडे नजर गेली. मग रस्त्यावरच्या बायांकडे. पाढा चालूच होता. त्यांनी मागं वळून वर्गाला हातानं गप्प केलं.

"धम्मरत्न," ते हळूच म्हणाले. "अरे, आधी सांगाचं ना, बापा."

धम्मरत्ननं मान खाली घातली. "चुकलं, गुरुजी."

गुरुजींनी छडी दाराआड ठेवली.

"जाऊ काय?" धम्मरत्ननं विचारलं.

गुरुजींनी मान हलवली. रवी पुढं पळाला आणि मोटरसायकल चालू केली. धम्मरत्न चपला घालून फाटकाकडे निघाला. उर्वशी त्याच्याबरोबर चालत होती. हाताची घडी तिनं सोडली नव्हती.

फाट्यावर पांढरी गाडी वळली. रस्त्यावरची पहिली बाई रडायला लागली.

उर्वशीला अजून काहीच सांगितलं नव्हतं.